नवीन म्युझिक प्लेअर घेतला, आवाज खरंच चांगलाय की माझे पैसे बोलतायत?

खर्जातला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात मनाचा हिय्या करून एक पोर्टेबल म्युझिक प्लेअर घेतला, ३५ हजाराला पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीवरच जाईल. यापूर्वी फोनला ॲपलचं ते छोटं यूएसबी-सी डोंगल लावून ऐकायचो. इअरफोन दोन्हीकडे तेच, एकेका कानात चार बॅलन्स्ड आर्मेचरवाले (म्हणजे चार बारीक स्पीकर). फाइल पण त्याच, सगळ्या फ्लॅक, म्हणजे दाबूनही आवाजातलं काही न गमावणाऱ्या. ऐकतो काय तर शास्त्रीय, नाट्यसंगीत, अभंग, आणि अधूनमधून बायकोच्या आग्रहाखातर जुनी हिंदी.

तर पहिल्या रात्री आकाशवाणीचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, १९६०च्या आसपासचं असावं, आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. मधला पडदा कुणीतरी बाजूला सारावा तसं झालं. तंबोऱ्याची जवारी सुटी ऐकू येते, डग्ग्याला घुमारा आलाय, गायक जरासा डावीकडे बसलाय, बाकी साथीदार त्याच्या आजूबाजूला, अगदी बैठकीत तिसऱ्या रांगेत बसून ऐकावं तसं. मुलाला ऐकवलं तर तो म्हणाला बाबा, आवाज तोच आहे, तुमचे ३५ हजार बोलतायत.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. प्लेअरचा आवाज चांगला आहे हे ठरवायचं कसं? कानावर विश्वास ठेवायचा की नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टाळकरी

अभिनंदन! पार्टी कधी?

ऐकीव

एक बारीक शंका. १९६०च्या आसपासचं आकाशवाणीचं म्हणजे मोनो असणार ना, दोन्ही कानांत तोच आवाज? मग गायक डावीकडे कसा काय बसला?

खर्जातला

@ऐकीव, मोनोच असेल हो, पण चांगल्या प्लेअरवर मोनोलाही एक खोली येते असं एका रिव्ह्यूत वाचलं होतं. तंत्र मला कळत नाही, मी जे ऐकू आलं ते लिहिलं.

लोकल_प्रवासी

मोनोत डावीकडे म्हणजे विंडो सीट मिळाली असेल गायकाला. (हलके घ्या)

सोल्डरवाला

खर्जातला, तुमचा प्रश्न आवडला कारण निदान तुम्हाला शंका तरी आली, बहुतेक लोक ३५ हजार घातल्यावर शंका घेत नाहीत, रिव्ह्यू लिहितात.

आता जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. दोन प्लेअरमध्ये एक जरी अर्धा-एक डेसिबलने मोठा असला तर तो "मोठा" वाटत नाही, तो "चांगला" वाटतो, बेस भरलेला वाटतो, बारीकसारीक ऐकू यायला लागतं, आणि हीच सगळी विशेषणं आपण रिव्ह्यूत वाचतो. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यामुळे व्हॉल्यूम कानाने जुळवून केलेली कुठलीही तुलना माझ्या लेखी बाद. जुळवायचं ते मल्टिमीटरने. ३०० हर्ट्झचा टोन तयार करून दोन्हीकडे वाजवा, इअरफोन लावलेलेच ठेवून स्प्लिटरच्या दुसऱ्या तोंडावर एसी मिलिव्होल्ट मोजा आणि फरक ०.१ डेसिबलच्या आसपास आणा, म्हणजे आकड्यात साधारण १ टक्का. आणि हो, तो दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर चालणार नाही, त्यात एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते, त्याच्यावर तुम्हाला नुसतं शून्य दिसेल आणि वाटेल की प्लेअरच गेला.

दुसरी गोष्ट, कुठलं यंत्र वाजतंय हे तुम्हाला माहीत असता कामा नये. दुसऱ्या कुणाला तरी नाणं उडवून वायर बदलायला बसवा, तुम्ही पाठ करून बसा आणि कागदावर लिहा. सोळा वेळा करा. सोळापैकी बारा बरोबर आले तर काहीतरी ऐकू येतंय असं म्हणू, कारण नुसत्या अंदाजपंचे उत्तरांवर बारा किंवा जास्त येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे. आठ-नऊ आले तर मुलाला सॉरी म्हणा.

आता प्लेअर-प्लेअरमध्ये खराखुरा फरक असतो कुठे? डॅक चिपमध्ये, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपमध्ये, फारसा नाही, आजकाल शंभर रुपड्यांची चिपसुद्धा कानाच्या पलीकडचं काम करते. फरक असतो तो चिपनंतर. तुमच्यासारख्या आर्मेचरवाल्या इअरफोनचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) सगळ्या सुरांना सारखा नसतो, एखाद्या ठिकाणी ८ ओहम तर दुसरीकडे ४० ओहम. प्लेअरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स समजा १० ओहम असला तर गणित मांडून बघा, त्या दोन ठिकाणांत ५ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे न विचारता कुणीतरी इक्वलायझर फिरवून ठेवल्यासारखं. तोच अर्धा ओहम असला तर फरक अर्ध्या डेसिबलच्याही खाली. म्हणून इअरफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा प्लेअरचा कमी असावा असा ठोकताळा आहे.

जुन्या प्लेअरमध्ये अजून एक भानगड असायची, आउटपुटला कपॅसिटर. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इअरफोन म्हणजे १०० हर्ट्झपासूनच बेस घसरायला सुरुवात. त्यालाच ३०० ओहमचा मोठा हेडफोन लावला तर घसरण ५ हर्ट्झपाशी जाते, म्हणजे नाहीच. एकच प्लेअर एकाला "भरदार" आणि दुसऱ्याला "पातळ" का वाटायचा त्यातलं निम्मं उत्तर इथे आहे, दोघंही खरं बोलत असायचे आणि दोघंही एकमेकांना बहिरे म्हणायचे.

तिसरं म्हणजे हिस, सळसळ. ती मात्र संवेदनशील इअरफोनवर सरळ ऐकू येते, त्याला ब्लाइंड टेस्टही लागत नाही.

लोकल_प्रवासी

दंडवत _/\_ वाखू (वाचनखूण) साठवली.

मी डोंबिवली ते सीएसएमटी ऐकतो, त्यामुळे माझी टेस्ट एकच, घाटकोपरला गर्दी चढल्यावर गाणं ऐकू येतं का.

नभोताई

सोल्डरवाला यांनी यंत्राची बाजू छान मांडली आहे. मी बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काढली, तेव्हा कानाच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

"चांगला आवाज" ऐकायला बसलं की काहीच ऐकू येत नाही हो, नुसतं छान छान वाटतं. एका वेळी एकच गोष्ट धरायची. मी सुरुवात तंबोऱ्यापासून करते. घोडीवर तारेखाली तो दोऱ्याचा बारीकसा तुकडा सरकवून जवारी लावतात ना, त्यामुळे एक तार छेडली की मूळ स्वर आधी येतो आणि मग वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात, तो झंकार पुढची तार वाजेपर्यंत चालू असतो. ही उमलण्याची क्रिया पूर्ण ऐकू येते का ते बघा. खूप दाबलेल्या, म्हणजे ६४ किंवा ९६ केबीपीएसच्या एमपी३मध्ये तो झंकार पाण्याखालून आल्यासारखा होतो, त्याला एक खळखळ येते, ती एकदा कळली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही, त्यामुळे शिकायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मग गायकाचा श्वास. मग "स" आणि "श", ते टोचतात का. मग डग्गा, त्याची मींड घसरताना सलग राहते का की नुसता धप्प आवाज येतो. आणि सगळ्यात शेवटी, तुकडा संपल्यावरची शांतता.

पण मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते कुठलाही प्लेअर देणार नाही. हल्ली लोक ७८ आरपीएमच्या तबकडीवरून केलेली फाइल २४ बिट १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीहून बारीक मोजमापाची हाय-रेझ, म्हणून मिरवतात. अहो, त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, त्यात सुईची खरखर केवढी, तिथे सीडीचे १६ बिटसुद्धा उरतात. त्या खरखरीचं मात्र अगदी उच्च प्रतीचं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे होतं. 😀

ऐकीव

+१ नभोताई. आणि तरी गायक डावीकडे कसा, हा प्रश्न तसाच आहे.

सनीवेल_बंड्या

नभोताई, ७८ आरपीएमचं मान्य, पण नवीन रेकॉर्डिंगमध्ये हाय-रेझचा फरक ऐकू येतो म्हणजे येतो. माझ्याकडे चांगला सेटअप आहे, मला तर पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

सोल्डरवाला

बंड्याभाऊ, बोस्टनच्या मेयर आणि मोरन या दोघांनी नेमकं हेच करून बघितलं होतं, २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आलंय. हाय-रेझ आवाज एकदा तसाच आणि एकदा मध्ये सीडीच्या दर्जाची गाळणी लावून ऐकवला, ५५४ वेळा. बरोबर उत्तरं २७६. म्हणजे ४९.८ टक्के, नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

सनीवेल_बंड्या

अर्धीच गोष्ट सांगताय राव. त्यातल्या बऱ्याच डिस्कचं मूळ मास्टरच हाय-रेझ नव्हतं असा आक्षेप आहे. आणि २०१६ला राइस यांनी असे सगळे जुने प्रयोग एकत्र करून मांडले तर बरोबर उत्तरं ५० टक्क्यांच्या वर निघाली, आणि कान तयार केलेल्या लोकांची अजून जास्त.

सोल्डरवाला

मूळ मास्टरचा आक्षेप रास्त आहे, मान्य. पण ती ५० टक्क्यांच्या वर म्हणजे ५२च्या आसपास निघाली होती. पहिल्या दहा सेकंदांत कळणाऱ्याला ५२ टक्के पडत नाहीत, शंभर पडतात.

लोकल_प्रवासी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टाळकरी

मला त्या बिटबिटातलं काही कळत नाही पण चिपळ्यांचं कळतं, म्हणून लिहितो. आमच्या दिंडीचं रेकॉर्डिंग पोरांनी एमपी३ करून व्हॉट्सॲपवर टाकलं होतं, त्यात चिपळी वाजायच्या आधी एक फुस्स असा आवाज यायचा, म्हणजे चिपळी वाजण्यापूर्वीच कळायचं की आता वाजणार. मला वाटलं माझीच चिपळी फुटली.

सोल्डरवाला

टाळकरी महाराज, तुम्ही लाखमोलाची गोष्ट बोललात. त्याला प्री-एको म्हणतात. एमपी३मध्ये आवाजाचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात आणि दाबताना झालेली घाण त्या तुकड्यात सगळीकडे पसरते. चिपळीचा टोला तुकड्याच्या शेवटी असला की घाण टोल्याच्या आधीच्या शांततेत सांडते आणि फुस्स ऐकू येतं. टोल्यानंतर आली असती तर टोल्यानेच झाकली असती. युरोपात हे तपासायला स्पॅनिश कॅस्टनेट वापरतात, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या टेस्ट सीडीमध्ये पण ते आहेत. कॅस्टनेट म्हणजे काय तर त्यांच्या चिपळ्याच.

तुमच्याकडे मूळ रेकॉर्डिंग असेल तर ते कॉम्प्युटरवर फूबार नावाच्या प्रोग्रॅममध्ये घालून १२८ आणि ३२०ची एबीएक्स टेस्ट, म्हणजे कुठलं वाजतंय ते न बघता ओळखायची परीक्षा, करून बघा. फुकट आहे, कुणी वायर बदलायला पण लागत नाही.

जुनापुराणा

या सगळ्यावरून आठवलं, एकेकाळी आयपॉडवरून केवढी भांडणं व्हायची. पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१चा, ५ जीबी. मग पाचव्या पिढीत वूल्फसन कंपनीची चिप होती आणि पुढे क्लासिकमध्ये सिरस लॉजिकची आली, तर वूल्फसनवाले म्हणायचे आमचा आवाज "उबदार" आणि तुमचा "कोरडा". लोक जुने आयपॉड शोधून शोधून घ्यायचे, लॅमिंग्टन रोडला मी स्वतः दोन शनिवार घातलेत. हार्डडिस्क काढून त्यात मेमरी कार्ड बसवायचे. आणि मग २०१४ला सिरस लॉजिकने वूल्फसन विकतच घेतली. 😂 माझा उबदार आयपॉड अजून चालतोय, बॅटरी मात्र दोनदा बदलली.

खर्जातला

मंडळी, टेस्ट केली! शेजारच्या इंजिनिअर मुलाकडून चांगला मल्टिमीटर मागून आणला आणि काल रविवारी जेवणं झाल्यावर बसलो.

आधी मी रोज जिथे व्हॉल्यूम ठेवतो तिथेच ठेवून मोजलं. डोंगल ५९ मिलिव्होल्ट, नवा प्लेअर ७८. सोल्डरवाला, कॅल्क्युलेटरवर २.४ डेसिबल येतात. म्हणजे महिनाभर मी नवा प्लेअर सव्वापटीहून मोठा वाजवत होतो आणि त्याला पडदा सारला म्हणत होतो. इथेच अर्धी हवा गेली.

मग फोनचा व्हॉल्यूम तसाच ठेवून प्लेअर खाली आणला कारण फोनच्या पायऱ्या फार मोठ्या आहेत, प्लेअरला शंभर आहेत. ५९.५ला जमलं. सौ. नाणं उडवायला आणि वायर बदलायला बसली, मी भिंतीकडे तोंड करून. तेच आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण, आलापातले वीस सेकंद. पहिल्या पाच वेळा मला छातीठोक खात्री होती, लिहितानाच कौतुक वाटत होतं स्वतःचं. सोळा झाल्यावर कागद उघडला, नऊ बरोबर. पहिल्या छातीठोक पाचांतले दोन.

मुलाला अजून सांगितलेलं नाही.

सोल्डरवाला

तुमचा हा प्रामाणिकपणा बघून भरून आलं, इथे लोक अकरा आले तरी बारा सांगतात. पण एक गोष्ट राहिली. त्या जुन्या ध्वनिमुद्रणात टेपची सळसळ आधीच आहे, ती प्लेअरची सळसळ झाकून टाकते. आता अलीकडचं स्वच्छ डिजिटल काहीतरी घ्या आणि नभोताई म्हणाल्या तसं शेवटचा तंबोरा विरतो तिथे ऐका.

खर्जातला

केलं. दहापैकी दहा.

आणि ऐका गंमत, सळसळ नव्या प्लेअरचीच आहे. डोंगल एकदम गप्प. सेटिंगमध्ये शोधलं तर गेन (आवाज किती पटीने वाढवायचा ते) "हाय" वर होता, दुकानातच तसा करून दिला होता, "सर, याच्यात पॉवर जास्त मिळते". लो वर केला, मिलिव्होल्ट पुन्हा जुळवले, परत दहा वेळा ऐकलं, सहा बरोबर. आता सळसळ मला तरी ऐकू येत नाही.

सनीवेल_बंड्या

म्हणजे ३५ हजारात जो एकमेव फरक सिद्ध झाला तो उलट्या दिशेने 😀

खर्जातला

मीठ चोळा, चोळा. पण थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे. @ऐकीव, तुमच्या शंकेचं उत्तर मिळालं.

सोळा वेळा वायर बदलून सौ. वैतागली होती, म्हणाली एवढं काय आहे त्यात, मला पण ऐकव. तिने कानात घातले आणि दोन सेकंदांत म्हणाली, "अहो, उजव्या कानातलं बारीक येतंय." मी म्हटलं तसं नसतं ते, त्याला स्टेज म्हणतात, गायक डावीकडे बसलाय. ती म्हणाली मग त्याला सरळ बसायला सांगा. तिने डावा-उजवा इअरफोन उलटे घातले, तर गायक उठून उजवीकडे गेला.

दोन्ही यंत्रांचे दोन्ही चॅनल मोजले, दोन्हीकडे सारखे. मग रबर काढून उजवा इअरफोन उजेडात धरला. जाळीत मळ. चांगला जुना, घट्ट. जुन्या डोंगलवरही गायक डावीकडेच बसत असणार, तिथे मी हजार रुपयांच्या वस्तूत स्टेज शोधायला गेलोच नव्हतो.

ऐकीव

मी काही बोलत नाही. 🙏

लोकल_प्रवासी

वहिनींना साष्टांग दंडवत. रेल्वेच्या अनाऊन्समेंटवाल्यांकडे पण एकदा पाठवा त्यांना.

नभोताई

हसून हसून पुरेवाट झाली. खर्जातला, टाचणी घालू नका हो, जाळी फाटते आणि मळ आत ढकलला जातो. इअरफोनचं तोंड खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडायचं. काही इअरफोनची जाळी बदलता येते, ती मिळते का बघा. आणि ओलं काहीही लावू नका, आर्मेचर मरतात.

अवांतर: रबराचे टोक कानात नीट बसतात का तेही बघून घ्या. जरा फट राहिली की खालचा सगळा आवाज निघून जातो, आणि लोक प्लेअरला बेस नाही म्हणून नावं ठेवतात.

खर्जातला

ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे ब्रशने झाडलं, सहा-सात वेळा. आत्ता ऐकतोय, डोंगलवर. गायक मधोमध आलाय, तंबोरे त्याच्यामागे, आणि काय सांगू, पडदा बाजूला सारल्यासारखं…

बरं ते जाऊदे. प्लेअर ठेवतोय मी. परत द्यायची मुदत उलटून गेलीय हे एक, आणि दुसरं म्हणजे त्याच्यावर फोन येत नाहीत, आलाप मध्येच तुटत नाही. मुलाने धागा वाचला, त्याच्या मित्राने लिंक पाठवली. काही बोलला नाही, फक्त संध्याकाळी माझ्या टेबलावर कान साफ करायच्या काड्यांचं पाकीट ठेवून गेला.

टाळकरी

ते चिपळ्यांचं १२८ आणि ३२०चं काल रात्री करून बघितलं. १२८ला सोळापैकी सोळा, ३२०ला आठ. आता पोरांना ३२०वर करायला सांगितलंय. फूबारमध्ये मराठी मेनू येतो का कुणाला माहीत आहे?